बसतो, बोलतो, पण चालतो का?

सदर : घरोघरी तंत्रज्ञान

सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या टपालाचा रंग बदलतो. एरवी तुम्ही विचारता, कॉम्प्युटर कोणता घ्यावा, मायक्रोवेव्हमध्ये काय ठेवू नये. बॅगा भरायला काढल्या की मात्र एकच प्रश्न वेगवेगळ्या अक्षरांत येतो. ‘इथला कॉर्डलेस फोन पुण्याला नेला तर चालेल का?’ ‘लंडनच्या नणंदेनं दिलेला फोन इथे लावला, पण वाजतच नाही, असं का?’ ‘आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत, त्यांचा तिकडचा मोबाइल इथे चालेल ना?’

या सगळ्यांना एकदाच सविस्तर उत्तर द्यावं, असं ठरवून हा लेख लिहीत आहोत. मुळात ‘चालेल का’ या प्रश्नात तीन प्रश्न लपलेले असतात. पिन भोकात बसते का, हा पहिला. आवाज येतो का, हा दुसरा. आणि त्या देशाच्या नियमात बसतं का, हा तिसरा. आपण पहिला प्रश्न तपासतो, दुसरा गृहीत धरतो आणि तिसरा विसरतो. खरी गंमत अशी की फोन चालणार की नाही हे त्या खोक्यात ठरतच नाही. तो ज्या तारेला किंवा जाळ्याला जोडायचा, तिथल्या लोकांनी पूर्वी कधीतरी काय ठरवलं, त्यावर ते अवलंबून असतं. म्हणून आधी थोडा इतिहास.

चोवीस जागा की बत्तीस?

आपण फोनवर बोलतो तो आवाज एक्स्चेंजमध्ये आकड्यांत बदलतो. आवाजाची उंची सेकंदाला ८,००० वेळा मोजायची आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहायचं. ८ गुणिले ८,००० म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. एका संभाषणाला एवढी जागा लागते. इथपर्यंत जगात एकमत आहे. भांडण पुढे सुरू होतं. अशी किती संभाषणं एका जोडतारेवरून एकत्र पाठवायची?

अमेरिकेत बेल कंपनीनं १९६२ मध्ये पहिली पद्धत सुरू केली, तिला टी-१ म्हणतात. एका खेपेला २४ संभाषणं. २४ गुणिले ८ म्हणजे १९२ बिट, आणि खेप कुठे सुरू झाली हे कळायला एक बिट जादा, म्हणजे १९३. सेकंदाला अशा ८,००० खेपा, म्हणून वेग १५ लाख ४४ हजार बिट. युरोपातल्या टपाल-तार खात्यांनी मागाहून एकत्र बसून आपली वेगळी पद्धत ठरवली, ती ई-१. तिच्यात ३२ जागा, त्यातल्या ३० बोलणाऱ्यांच्या. वेग २० लाख ४८ हजार बिट.

आपल्या एसटीचं उदाहरण घेऊ. युरोपच्या गाडीत ३२ आसनं आहेत. एक ड्रायव्हरचं, एक कंडक्टरचं, उरलेली तीस प्रवाशांची. ड्रायव्हर म्हणजे खेपेचा ताल सांभाळणारी खूण. कंडक्टर म्हणजे कोणी कोणाला फोन लावला, कोणी ठेवला, हा हिशेब. अमेरिकेच्या गाडीत चोवीसच्या चोवीस आसनं प्रवाशांना दिली, मग कंडक्टरनं बसायचं कुठे? तो प्रवाशांनाच जरा सरकायला लावून बसला! दर सहाव्या खेपेत प्रत्येक संभाषणाचा शेवटचा बिट हा हिशेब लिहायला वापरला जाई. बोलताना कानाला याचा पत्ता लागत नाही. पण त्या लाइनवरून कॉम्प्युटरची माहिती पाठवायची झाली, तर कधी कुठला बिट बदलेल याचा भरवसा नाही. मग आठातला शेवटचा बिट सोडूनच द्यायचा. सात गुणिले ८,००० म्हणजे ५६,०००. एकेकाळी अमेरिकेत ५६ हजारांची आणि युरोपात ६४ हजारांची डिजिटल लाइन मिळायची, त्याचं हे कारण.

भारतानं युरोपच्या घराण्याचा गंडा बांधला. उत्तर प्रदेशात मनकापूरला आयटीआयचा कारखाना उभा राहिला तो फ्रेंच बनावटीच्या ई-१०बी एक्स्चेंजसाठी. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेनं लहान गावांसाठी जी देशी एक्स्चेंज बनवली, त्यातलं पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला लागलं. पुण्या-मुंबईच्या मोठ्या एक्स्चेंजना एकमेकांशी जोडणारी गाडीही बत्तीस आसनांचीच. म्हणून अमेरिकेतल्या कंपनीनं पुण्यात ऑफिस उघडताना इथलं टी-१चं यंत्र तसंच उचलून नेलं, तर ते तिथल्या तारेपुढे मुक्यानं उभं राहणार. वाचकांपैकी ज्यांनी अशी ऑफिसं उभी केली, त्यांना हे अनुभवानं ठाऊक असेल.

आणखी एक बारीक फरक. आवाज मोजताना हळू आवाजाला बारीक पायऱ्या आणि मोठ्या आवाजाला ठोक पायऱ्या ठेवतात. अमेरिका आणि जपानच्या पायऱ्यांना म्यू-लॉ म्हणतात, युरोप आणि भारताच्या पायऱ्यांना ए-लॉ. मग शिकागोहून साताऱ्याला फोन लागला, तर एकाचे आकडे दुसऱ्याला कळायचे कसे? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं नियम केला की म्यू-लॉवाल्यानं बदल करून द्यायचा. म्हणजे साताऱ्याच्या आजीला काही करावं लागत नाही, दुभाष्याचा खर्च इकडच्यांचा. आम्हाला हा नियम फार आवडतो. भिन्न पद्धतींची माणसं एका घरात कशी नांदतील, याचा साधा उपाय त्यात आहे. जुळवून घेणार कोण, ते आधीच ठरवून टाकायचं.

हद्द कुठे संपते?

दुसरा मोठा फरक आकड्यांचा नाही, मालकीचा आहे. टेलिफोन कंपनीची तार घरात येते, तिथे कंपनीची हद्द कुठे संपते आणि आपली कुठे सुरू होते?

पूर्वी अमेरिकेतसुद्धा फोनचं यंत्र कंपनीचंच असे. परकी वस्तू जोडायला बंदी होती, आणि ती इतकी कडक की बोलणं खासगी राहावं म्हणून तोंडाशी लावायच्या साध्या पेल्यासारख्या वस्तूवरून, ‘हश-अ-फोन’वरून, कोर्टकचेरी झाली. १९५६ मध्ये निकाल पेल्याच्या बाजूनं लागला. मग टेक्सासच्या टॉम कार्टर यांनी तेलविहिरींवरच्या माणसांचा वायरलेस टेलिफोनला जोडणारा ‘कार्टरफोन’ आणला. एफसीसी या सरकारी नियामक संस्थेनं १९६८ मध्ये त्यांना कौल दिला. जाळ्याला इजा होत नसेल तर गिऱ्हाइकाला आपलं यंत्र जोडता येईल, हे तत्त्व ठरलं. पुढच्या दशकात ‘पार्ट ६८’ नावाची नियमावली आली. फोनच्या बुडाशी जो एफसीसीचा नंबर छापलेला दिसतो तो तिचाच, आणि दुकानातून फोन आणून स्वतःच भिंतीला लावायची सोयही तिचीच देणगी.

ब्रिटनमध्ये ही मुभा १९८१ च्या कायद्यानंतर आली. तिथे मंजूर फोनवर हिरवं वर्तुळ आणि नामंजूर फोनवर लाल त्रिकोण असे. गंमत म्हणजे लाल त्रिकोणाचा फोन विकायला आडकाठी नव्हती, फक्त लाइनला जोडायला मनाई होती!

या मालकीचा खरा परिणाम दिसला तो आयएसडीएन या डिजिटल घरगुती लाइनच्या वेळी. नव्वदीच्या दशकात तिचा गाजावाजा होता. एकाच तारजोडीवर ६४ हजारांचे दोन मार्ग आणि सोबत १६ हजारांचा एक छोटा मार्ग. तारेच्या टोकाला एक डबी लागते, तिचं नाव एनटी-१. युरोपात ही डबी टेलिफोन कंपनीची. भिंतीवर ती लावून देणार कंपनी, गिऱ्हाइकानं पुढे आपला फोन जोडायचा. अमेरिकेत एफसीसीनं सांगितलं की ही डबी गिऱ्हाइकाची. कंपनी नुसती दोन तारा आणून सोडणार. त्यामुळे इथल्या अनेक यंत्रांच्या पोटातच ती डबी बसवलेली असे आणि युरोपातल्या यंत्रांत नसे. नाव एकच, आणि तरी इकडचं यंत्र तिकडे निरुपयोगी.

त्याहून महत्त्वाची गोष्ट विजेची. जर्मनीत घरातली वीज गेली, तर एक्स्चेंजकडून तारेवरूनच एका फोनपुरती वीज मिळण्याची सोय होती. अमेरिकेत डबी आपली, म्हणून वीजही आपली. दिवे गेले की आयएसडीएन फोनही गेला. हद्द जिथे, जबाबदारीही तिथपर्यंतच! हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जाता जाता एक शंका फेडतो. ‘माझ्या मोडेमवर ५६ लिहिलं होतं, पण कधी तेवढा वेग मिळाला नाही,’ असं अनेकांनी त्या काळी ऐकवलं. लाइन उत्तम असली तरी अमेरिकेत तो ५३ च्या पुढे जात नसे. तारेवर किती जोराचा संदेश सोडायचा यावर एफसीसीची मर्यादा होती, नाहीतर शेजारच्या तारांत कुजबुज पोचते. म्हणजे खोका खोटं बोलत नव्हता, नियम आडवा येत होता.

बॅगेत काय घालावं?

आता घरगुती यंत्रांकडे वळू. लंडनच्या फोनचं आधी. ब्रिटनमध्ये घंटा वाजवण्यासाठी लागणारा कपॅसिटर भिंतीवरच्या मुख्य सॉकेटमध्ये असतो आणि तिथून तिसरी तार फोनकडे जाते. अमेरिकन फोनच्या पोटात स्वतःचा कपॅसिटर असतो. म्हणून तिकडचा फोन इथे साध्या पिनजोडानं लावला तर बोलता येतं, पण घंटा वाजत नाही. नणंदेचा दोष नाही! आत कपॅसिटर असलेला जोड मिळतो, तो वापरावा. कोणाचा फोन आला ते दाखवणाऱ्या पट्टीचंही तसंच. अमेरिकेत तो नंबर पहिल्या आणि दुसऱ्या घंटेच्या मधे येतो, ब्रिटनमध्ये घंटेच्या आधीच. इकडची डबी तिकडे वाट बघत बसते आणि नंबर केव्हाच येऊन गेलेला असतो.

पुण्याच्या घरी फोनची पिन इथल्यासारखीच छोटी, पारदर्शक असते. ती टचकन बसते आणि आपण फसतो. कॉर्डलेस फोनची अडचण तारेत नाही, हवेत आहे. भारतात १९९५ मध्ये मोबाइल सुरू झाला तो ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. फोनकडून मनोऱ्याकडे जाणारा आवाज ८९० ते ९१५ च्या दरम्यान. आणि अमेरिकेतले त्या काळचे लोकप्रिय कॉर्डलेस फोन ९०२ ते ९२८ वर बोलणारे! म्हणजे आपण प्रेमानं नेलेला फोन मोबाइलच्या मनोऱ्याच्या कानाशी गुणगुणत बसणार. पुढे ‘डेक्ट ६.०’ आले. त्यातलं ६.० ही आवृत्ती नव्हे, विक्रीसाठी दिलेलं नाव आहे. ते अमेरिकेत १९२० ते १९३० मेगाहर्ट्झ वापरतात. युरोपचा डेक्ट १८८० ते १९०० वापरतो. भारतात आणि युरोपात १९२० ते १९८० हा पट्टा मोबाइल कंपन्यांनी पैसे मोजून घेतलेला आहे. तिथे इथला कॉर्डलेस लावणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातून गाडी घालणं. तेव्हा कॉर्डलेस इथून नेऊ नये, तिथेच घ्यावा. आणि जुन्या फोनचा विजेचा अडॅप्टर १२० व्होल्टचाच असेल तर २३० वर त्याचा धूर निघतो, हे वेगळं सांगायला नको.

आजकाल एक जास्त गंभीर वस्तू बॅगेत जाऊ लागली आहे. आपली मुलं ट्रेकिंगला जाताना उपग्रहामार्फत निरोप पाठवणारं छोटं यंत्र जवळ ठेवतात. अमेरिकेत ते शहाणपणाचं लक्षण मानतात. भारतात परवान्याशिवाय उपग्रह फोन किंवा असं यंत्र बाळगणं हाच गुन्हा आहे. वापरलं नाही, बंद होतं, ही सबब चालत नाही. गेल्या काही वर्षांत गोव्यासारख्या विमानतळांवर परदेशी प्रवाशांना यासाठी अडवून ठेवल्याचे प्रकार झाले आहेत. हिमालयात किंवा सह्याद्रीत जाणाऱ्या मुलांच्या पिशव्या एकदा आई-वडिलांनीच तपासाव्यात.

नवी तार, नवी हद्द

तुम्ही म्हणाल, आता तारा राहिल्यात कुठे? खरं आहे. तांब्याच्या तारा आणि आयएसडीएन देशोदेशी निवृत्त होत आहेत. ब्रिटननं जुनं जाळं बंद करायची मुदत आधी डिसेंबर २०२५ ठेवली होती, ती पुढे जानेवारी २०२७ केली. फोन आता इंटरनेटच्या डबीतून येतो. पण आमचं मघाचं वाक्य आठवा. डबी घरात आली, हद्द घरात आली, म्हणून विजेची जबाबदारीही घरात आली. ब्रिटनमध्ये अनेक एकटी राहणारी वृद्ध माणसं गळ्यात मदतीचं बटण घालतात आणि ते टेलिफोन लाइनवर चालतं. लाइन बदलताना काहींची बटणं मुकी झाली. गंभीर प्रसंग घडल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं कंपन्यांकडून अशा ग्राहकांच्या संरक्षणाची हमी लिहून घेतली. तिथे कोणाचे काका-मामी असतील तर त्यांनी बटण असल्याचं कंपनीला आवर्जून कळवावं आणि लाइन बदलल्यावर ते दाबून पाहावं.

अमेरिकेत इंटरनेटवरच्या फोनला ९११ ची सोय द्यावी, असा नियम एफसीसीनं २००५ मध्ये केला. पण मदत जाते ती तुम्ही कंपनीकडे नोंदवलेल्या पत्त्यावर. घर बदललं, पत्ता बदलायचा राहिला, तर ॲम्ब्युलन्स जुन्या घराचं दार ठोठावील. काही मंडळी इथला नंबर हाताशी राहावा म्हणून ही डबी पुण्याला घेऊन जातात. गप्पा उत्तम होतात. पण तिच्यावरून ९११ फिरवलं तर निरोप न्यू जर्सीच्या पत्त्यावर जाईल, आणि पुण्याची ११२ तिला लागणार नाही. घरातल्या सगळ्यांना हे माहीत असलं पाहिजे.

आता आई-बाबांचा मोबाइल. हा प्रश्न आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला, कारण यात सगळ्यात जास्त धोका आहे आणि तो दिसत नाही. २०२२ संपेपर्यंत अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी आपली ३जी सेवा बंद केली. आता फोनवर बोलणं मुख्यतः ४जीवरूनच होतं, त्याला व्होल्टे म्हणतात. भारतातल्या बहुतेक फोनांत व्होल्टे असतं, पण ते तिथल्या कंपन्यांसाठी जुळवलेलं असतं. इथल्या कंपनीच्या यादीत तो फोन नसेल, तर इंटरनेट सुरू, व्हॉट्सॲप सुरू, व्हिडिओवर नातवंडं दिसतायत, आणि साधा फोन मात्र लागत नाही. सहा महिने कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण साधा फोन कोणी करतच नाही. दुपारी घरात दोघंच असताना बाबांच्या छातीत कळ आली, तर व्हॉट्सॲपवर ९११ लागत नाही.

ऑस्ट्रेलियानं या धोक्यावर सरळ नियमच केला. २८ ऑक्टोबर २०२४ पासून, जो फोन ४जीवरून तिथल्या ००० या मदतीच्या नंबरला लागू शकत नाही, त्याला कंपनीनं जाळ्यावर घेऊच नये. परदेशातून आणलेले फोनही त्यात आले. कडक वाटेल, पण फोन सुरू आहे असं वाटत राहण्यापेक्षा बंद आहे हे कळलेलं बरं. इथे असा दरवान उभा नाही, म्हणून ही तपासणी आपणच करायची.

ती अशी करावी.

१. पाहुणे यायच्या आधीच त्यांच्या फोनवर *#०६# दाबून येणारा पंधरा आकडी नंबर मागवून घ्या आणि इथल्या ज्या कंपनीचं सिम घालणार, तिच्याकडे तो चालेल का हे विचारा.

२. फोन आल्यावर वायफाय बंद करा आणि साधा फोन घरातल्या दुसऱ्या नंबरला लावून पाहा. वायफाय सुरू ठेवून केलेली परीक्षा ही परीक्षा नव्हे. ९११ ला मात्र गंमत म्हणून लावू नका.

३. लागत नसेल तर इथलाच एक साधा, स्वस्त फोन त्यांच्या हाती द्या. त्यांचा आपला फोटो आणि गप्पांसाठी राहू दे.

४. घराचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ लावा. घाबरल्यावर आपल्यालाही पिनकोड आठवत नाही, त्यांना झिपकोड कुठून आठवणार?

एवढं केलं की निर्धास्तपणे विमानतळावर घ्यायला जा. पुढच्या अंकात विजेच्या वस्तूंचा, म्हणजे मिक्सर आणि शेगडीचा विचार करू. तोवर तुमचे प्रश्न येऊ द्यात. लोभ आहेच, तो वाढावा.